कुठे उतरणार, ताई?

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या महिन्यात मुंबईला फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती दारात आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "काकू, लोकलमध्ये बदलापूरपासून घाटकोपरपर्यंत उभी होते. समोरची बाई उठली, मी बसायला वाकले, तर मागून एकजण आली आणि म्हणाली, ही सीट मला दिलेली आहे. कोणी दिली, कधी दिली? मला काही कळलंच नाही. आणि सगळ्याजणी माझ्याकडेच बघत होत्या."

तिला चहा दिला आणि तासभर बसवून लोकलमधल्या बसण्याउठण्याच्या रीती सांगितल्या. या रीती कुठल्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. मलाही १९९८ मध्ये कोणी सांगितल्या नव्हत्या, बोलणी खात खात शिकले. तेव्हापासून बदलापूर ते सीएसएमटी, एका बाजूचे ६८ किलोमीटर, सेकंड क्लासच्या लेडीज डब्यातून रोज जाते-येते. त्यामुळे इथे लिहिते आहे ते मध्य रेल्वेवरचं आणि मुख्यतः बायकांच्या डब्यातलं आहे. पश्चिमेला किंवा हार्बरला थोडा फरक पडेल, पण फार नाही.

सीट "दिलेली" असते म्हणजे काय

लोकलमध्ये कोणाचीही सीट राखीव नसते. पास काढला म्हणून जागा मिळत नाही, फक्त गाडीत चढता येतं. मग दीड तास उभं राहायचं की मधे कुठे टेकायला मिळणार, हे ठरतं ते बायकांनी आपसात लावलेल्या एका क्रमावर. तो क्रम एका प्रश्नाने सुरू होतो, "कुठे उतरणार?"

चढलात की आधी दारातून आत या आणि समोरासमोरच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत शिरा. बसलेल्यांकडे बघून एकेकीला विचारा. दोन शब्द पुरतात, पण आवाज स्पष्ट हवा आणि विचारताना नजर तिच्या तोंडाकडे हवी. नुसतं हवेत "कोण उतरणार?" म्हटलं तर कोणी उत्तर देत नाही. एक म्हणेल "सीएसटी". (स्टेशनचं नाव २०१७ मध्ये सीएसएमटी झालं, आमच्या तोंडात अजून जुनंच आहे.) दुसरी म्हणेल "दादर, पण दिलेली आहे." म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी तिला विचारलेलं आहे आणि ती उठली की जागा त्या बाईची. तिसरी म्हणेल "घाटकोपर", आणि पुढे काही बोलणार नाही. तिला लगेच म्हणा, "मग मला द्याल का?" तिने मान हलवली की ती सीट तुमची झाली. माझ्या शेजारची ती मुलगी तासभर त्या बाईच्या पुढ्यात उभी होती, पण तिने हा प्रश्न विचारलाच नव्हता. विचारणारी दुसरी होती, दोन माणसांपलीकडे उभी. त्यामुळे हक्क दुसरीचा, हे मला त्या मुलीला सांगावं लागलं.

सीट मागून ठेवली की काही गोष्टी पाळायच्या. एका वेळी एकच सीट मागायची. घाटकोपरवालीलाही सांगून ठेवलं आणि कुर्लावालीलाही, असं करू नये. आधी मिळाली तर दुसरीला लगेच सांगून मोकळं करावं, म्हणजे तिला ती पुढच्या कोणाला देता येईल. मागितल्यावर तिथेच उभं राहावं. दाराशी वाऱ्याला जाऊन उभ्या राहिलात आणि स्टेशन आल्यावर ओरडलात, तर ती जागा गेली असं समजा. आणि मागितलेली असते ती बसायची जागा, खिडकी नव्हे. खिडकीतली बाई उठली तर तिच्या शेजारची आत सरकते, तिसरी दुसरीच्या जागी जाते, चौथी नीट बसते आणि उरेल ते टोक तुमचं. कल्याणपासून टोकावर अवघडून बसलेलीला ओलांडून तुम्ही थेट खिडकीत जाऊन बसलात तर डबा गप्प बसणार नाही, आणि बसूही नये.

देणाऱ्या बाईचंही काम असतं. स्टेशनच्या आधी दोन मिनिटं बॅग आवरून जिला दिली आहे तिच्याकडे बघायचं, खूण करायची आणि ती सरकून येईपर्यंत अर्धवट उठून जागा अडवून धरायची. हे मी फार बारकाईने बघते. ज्या बायका हे करतात त्यांच्या भोवती कधी भांडण होत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपलं स्टेशन खरं सांगायचं. काहीजणी कुर्ल्याला उतरणार असतात आणि सांगतात सीएसटी, कारण पुढे चढणाऱ्या मैत्रिणीसाठी जागा ठेवायची असते. मी स्वतः हे केलं आहे. २००३ च्या पावसाळ्यात कधीतरी एका बाईंनी मला ठाण्याच्या आधी विचारलं आणि मी "दादर" म्हटलं. त्या बाई पन्नाशीच्या, हातात डब्याची पिशवी, पायाला क्रेप बँडेज. घाटकोपरला माझी मैत्रीण चढली, मी उठले आणि तिला बसवलं. त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी कर्जतहून भरून आली, त्या बसलेल्या होत्या आणि मी समोर उभी. मी मान खाली घातली होती. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बॅग दे इकडे, खांदा दुखेल." माझी बॅग दादरपर्यंत त्यांच्या मांडीवर होती. त्यानंतर मी स्टेशन कधी खोटं सांगितलं नाही. मैत्रिणीसाठी जागा ठेवायची असेल तर तोंडावर सांगते, "घाटकोपरला उठणार, पण मैत्रिणीला दिलेली आहे." ऐकणारीला वाईट वाटतं, पण ती लगेच दुसरीकडे विचारू शकते. तिला खोटं सांगितलं तर तिची तेवढी स्टेशनं फुकट जातात.

दोघींनी एकच सीट मागितली तर जिने आधी विचारलं ती बसते. एवढ्यावर बहुतेक तंटे मिटतात. एखादी म्हातारी किंवा पोटुशी बाई मधेच आली तर? तर ज्या बाईला सीट दिली होती तिला विचारायचं, "यांना देऊ का?" निर्णय तिचा, कारण ती दहा स्टेशनं उभी होती. देणाऱ्याने परस्पर दानधर्म करू नये. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी "नाही" असं दोनदाच ऐकलं आहे.

चौथी सीट

बाक तीन माणसांचा असतो आणि त्यावर चौघी बसतात. गाडी बनवणाऱ्याने हे ठरवलेलं नाही, पण मुंबईत तो संकेत इतका जुना आहे की चौथीला जागा नाकारणारीलाच लोक नावं ठेवतात.

चौघी नीट बसायच्या तर त्याचीही एक पद्धत आहे. खिडकीतली बाई भिंतीला पूर्ण चिकटते. तिच्या आणि भिंतीच्या मधे पर्स असेल तर ती मांडीवर येते, त्या एका पर्सने चौथीची चार बोटं जागा जाते. मग पहिलीने पाठ टेकवायची, दुसरीने थोडं पुढे झुकायचं, तिसरीने पाठ टेकवायची आणि चौथीने पुढे. खांदे एका ओळीत आले की बाकावर तिघीच मावतात, मागेपुढे झाले की चौथीला निम्मी का होईना, मांडी टेकता येते. चौथीने पाय मधल्या वाटेत सरळ सोडू नयेत. गुडघे आतल्या बाजूला वळवावेत, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीची पिशवी तिला लागते आणि पाय त्यांना.

मागताना "जरा सरकता का?" एवढंच म्हणावं. हक्काने "सरका" म्हटलं की समोरची मुद्दाम सरकत नाही. कोणाच्या मांडीवर मूल असेल, हाताला प्लास्टर असेल, कोणी आजारी दिसत असेल, तर त्या बाकावर चौथी सीट मागू नये, पुढच्या बाकावर विचारावं. आणि बाकावरची एखादी अंगाने मोठी असेल तर तिच्या अंगाबद्दल एक अक्षर काढू नये. मी एका मुलीला असं बोललेलं ऐकलं आहे. ती मुलगी ताडकन उठून दारात जाऊन उभी राहिली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या डब्यात बसलीच नाही, जागा असली तरी. बोलणारी बाई मात्र त्या दिवशी आरामात बसून गेली. त्या दिवशी आम्ही कोणीच काही बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्धा प्रवास बसून, अर्धा उभ्याने

मी बदलापूरला चढते. गाडी बदलापूरहूनच सुटणारी असेल तर मला जवळजवळ रोज बसायला मिळतं. डोंबिवलीला चढणारीला ते कधीच मिळत नाही. मी कामसू आहे आणि ती आळशी, असा काही प्रकार नाही. माझं घर आधी येतं एवढंच. म्हणून आमच्या सहाजणींच्या ग्रुपमध्ये पहिल्यापासून ठरलेलं आहे की ठाण्याला अदलाबदल करायची. बदलापूर-अंबरनाथच्या आम्ही तिघी उठतो आणि डोंबिवलीच्या तिघी बसतात. फास्ट गाडीला ठाण्यापासून पुढे साधारण पाऊण तास धरा. तेवढा वेळ उभं राहिल्याने मला काही होत नाही, आणि त्यांना ऑफिसात शिरण्याआधी पाय मोकळे करायला मिळतात.

ज्या नव्या मुली मूळ स्टेशनला चढतात त्यांना माझं आवर्जून सांगणं आहे की ओळख नसली तरी हे करून बघा. समोर कोणी डोंबिवलीपासून उभी असेल तर ठाणे गेल्यावर विचारा, "बसता का थोडं? मी बसलेय बराच वेळ." निम्म्याजणी "नको नको, असू दे" म्हणतात. ज्या बसतात त्या पुढच्या वेळी तुमच्यासाठी जागा धरतात.

ही अदलाबदल मी २६ जुलै २००५ ला शिकले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची गाडी सीएसटीहून साडेतीनच्या सुमारास निघाली आणि सायनच्या पुढे थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी, खाली उतरायची सोय नाही, अंधार पडला तसे दिवेही गेले. डबा खच्चून भरलेला. सातच्या सुमारास उभ्या असलेल्यांपैकी एकीला भोवळ आली. तेव्हा एका बाकावरून एक वयस्कर बाई उठल्या. शाळेत शिकवत होत्या, त्या आवाजावरूनच कळलं. त्यांनी हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन सांगितलं, "अर्धा तास तुम्ही बसा, अर्धा तास आम्ही. मी वेळ सांगते." त्या रात्रभर त्यांनी दर अर्ध्या तासाला वेळ सांगितली. मोबाईल फार थोड्यांकडे होते आणि लागतही नव्हते. कोणाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, कोणाकडे पार्ल्याच्या बिस्किटांचा पुडा, सगळं वाटून खाल्लं. पहाटे चारच्या पाळीला त्यांची स्वतःची बसायची वेळ होती आणि त्यांच्या जागी एक लहान मुलगा झोपलेला होता. त्यांनी त्याला उठवू दिलं नाही. सकाळी आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकींचे हात धरून कुर्ल्याकडे चालत गेलो. मी घरी पोचले तिसऱ्या दिवशी. त्या बाई नंतर मला कधीच भेटल्या नाहीत.

मान वर करा

आता सगळ्याजणींच्या हातात फोन असतो. मी सिरियल बघते, कोणी पोथी वाचते, कोणी ऑफिसच्या मेलला उत्तरं देते. त्यात वाईट काही नाही. पण बसलेल्या माणसाने प्रत्येक स्टेशनला एकदा मान वर करून कोण चढलं ते बघावं. एवढ्याने अर्ध्या गोष्टी सुटतात. पोटुशी बाई, कडेवर मूल असलेली, काठी घेतलेली आजी, तापाने डोळे लाल झालेली कॉलेजची पोरगी, या माणसांना जागा मागायला लाज वाटते. त्यांना मागायची वेळ येऊ देऊ नये.

पोट दिसत नसतं तेव्हाच पहिले तीन महिने सगळ्यात अवघड जातात, हे बाळंतपण झालेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून नव्याने दिवस गेलेल्या मुलींना सांगते, लाजू नका. "मला बरं नाहीये, बसू का?" एवढं म्हणा. कारण विचारणारी क्वचितच भेटते. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांना आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही जाता येतं. सोबत डॉक्टरांचा कागद ठेवा, म्हणजे कोणी हटकलं तर बोलावं लागत नाही. तो डबा फलाटावर नेमका कुठे येतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा, ऐन वेळी धावायला लागू नये. आणि धडधाकट माणसाने, मग कितीही घाई असो, त्या डब्यात चढू नये. तिथे मावलेली दहा धडधाकट माणसं म्हणजे फलाटावर राहिलेला एक कुबडीवाला माणूस. जनरल डब्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी काही जागा ठेवलेल्या असतात. वडिलांना घेऊन जाताना मी तिथे बसलेल्या तरुणाला नुसतं म्हणते, "दादा, बाबांना बसू द्याल का?" पाटीकडे बोट दाखवायची वेळ आजवर एकदाही आली नाही.

एखादीला चक्कर आली तर तिच्याभोवती कोंडाळं करू नये. खिडकीतलीने उठून खिडकी द्यावी. बहुतेक वेळा पोटात काही नसतं, म्हणून साखरेची गोळी किंवा बिस्किट पर्समध्ये ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे. पुढच्या स्टेशनला एकीने तिच्याबरोबर उतरावं, नुसतं उतरवून देऊ नये. रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ आहे, तो फोनमध्ये भरून ठेवा.

आत सरका

दारात कोंबून उभं राहायचं आणि आत दोन बाकांच्या मधली जागा मोकळी, हे मी रोज बघते. आत गेलं की उतरायला मिळणार नाही ही भीती असते आणि ती खोटी नाही. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं धावत्या गाड्यांमधून खाली पडली आणि त्यातली काही परत घरी गेली नाहीत. मी रोज तिथूनच जाते. तेव्हापासून "आत सरका" हे मी विनंती म्हणून नाही, ओरडून सांगते.

आत गेल्यावर उतरायचं कसं? एक स्टेशन आधी उठायचं आणि पुढे उभ्या असलेलीला विचारायचं, "तुम्ही ठाण्याला उतरणार?" उतरणार असेल तर तिच्या मागे उभं राहायचं. नसेल तर तिच्याशी जागा बदलून पुढे जायचं. असं एकेक माणूस विचारत दारापर्यंत पोचता येतं, कोपर मारावं लागत नाही. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही आधीच विचारून घ्यावं. ज्यांना उतरायचं नाही त्यांनी मोठ्या स्टेशनला दारात असाल तर क्षणभर खाली उतरून बाजूला व्हावं आणि पुन्हा चढावं. खाली उतरलेल्या बाईला आधी चढू देणं हे फलाटावरच्यांचं काम. ठाणे आणि दादरला हे पाळलं गेलं तर गाडी वेळेत सुटते.

ग्रुप करून दार अडवणाऱ्यांबद्दल एकच सांगते. गाडी कोणा ग्रुपची नसते. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढू न देणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५५ खाली गुन्हा आहे, २०० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम लहान आहे, पण कलमाचा आकडा शांतपणे उच्चारला तरी दारातली माणसं हलतात, हा माझा अनुभव आहे. आमचाही ग्रुप आहे. दसऱ्याच्या आधी आम्ही डब्याला झेंडूची तोरणं लावतो, संक्रांतीला तिळगूळ वाटतो. पण तिळगूळ सगळ्या डब्याला मिळतो. रुमाल टाकून किंवा छत्री ठेवून न आलेल्या मैत्रिणीची जागा धरायची नाही, हे आम्ही फार पूर्वीच ठरवलं. माणूस हजर असेल तरच सीट.

उलटं जाऊन बसून येणं

संध्याकाळी मशीद, भायखळा, दादरच्या कितीतरी जणी आधी सीएसटीकडे जाणाऱ्या गाडीत चढतात आणि तीच गाडी परत सुटते तेव्हा बसून येतात. सकाळी डोंबिवलीच्या काहीजणी कल्याणला जाऊन असंच करतात. सीएसटीच्या फलाटावर ताटकळत उभ्या असलेल्यांना गाडी आल्याबरोबर सीटा भरलेल्या दिसतात आणि रोज वाद होतो. माझं मत विचाराल तर, ज्या बाईला गुडघ्याचं दुखणं आहे, जिला सव्वा तास उभं राहणं शक्य नाही, तिने खुशाल यावं. जिला वीस मिनिटं जायचं आहे तिने येऊ नये. येणार असाल तर पास त्या स्टेशनपर्यंतचा हवा. दादरपर्यंतच्या पासावर सीएसटीला जाऊन परत येणं म्हणजे त्या टप्प्यात विनातिकीट प्रवास, आणि पकडलं तर भाड्याशिवाय कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. अशी बसून आलेल्या बाईने निदान चौथी सीट तरी हसून द्यावी.

लहान लहान गोष्टी

पाठीवरची बॅग चढण्याआधीच काढून पुढे घ्या किंवा वर रॅकवर टाका. हात पोचत नसेल तर खिडकीतलीच्या हातात द्या, ती वर टाकते. मोकळे केस बांधा, ओले असतील तरीही. वाऱ्याने उडालेले केस मागच्या बाईच्या तोंडात, डोळ्यात जातात आणि तिचे दोन्ही हात कडीला अडकलेले असतात. फोनचा आवाज इयरफोनपुरता ठेवा. पाय समोरच्या बाकावर टाकू नका, तिथे कोणी बसलेलं नसलं तरी. ओली छत्री बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसात खिडकीची काच किती लावायची हे खिडकीतलीने एकटीने ठरवू नये, कारण तिरपा पाऊस तिच्यापेक्षा समोरचीला जास्त भिजवतो. संध्याकाळी भाजी निवडायला माझी हरकत नाही, मीही मेथी निवडते. देठं वेगळ्या पिशवीत गेली पाहिजेत आणि घरी गेली पाहिजेत. शेजारची खांद्यावर डोकं टाकून झोपली तर मी तिला हलवत नाही. तिचं स्टेशन मात्र आधीच विचारून ठेवते, म्हणजे वेळेवर उठवता येतं. मुलगा बारा वर्षांपर्यंत आईबरोबर लेडीज डब्यात येऊ शकतो. त्याला बघून नाक मुरडू नका, पण आयांनीही सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घ्यावं, अख्खी सीट देऊ नये.

उभ्या असलेल्यांचं ओझं बसलेल्यांनी मांडीवर घेणं ही मुंबईची फार जुनी रीत आहे आणि नव्या मुलींमध्ये ती कमी होत चालली आहे. "द्या बॅग" म्हणायला काही लागत नाही. देणारीने उतरताना पटकन घेऊन "थँक्यू" म्हणावं, झालं.

आणि भांडण लागलंच तर तिसऱ्या माणसाने बोलावं. भांडणाऱ्या दोघींना आपापलं खरं वाटत असतं, त्यांना कोण बरोबर ते सांगायला जाऊ नका. तोडगा द्या. "ताई, ठाण्यापर्यंत तुम्ही बसा, पुढे या बसतील." किंवा उठून आपलीच सीट एकीला द्या. मी दोन्ही करून पाहिलं आहे. दुसऱ्या उपायाने काम लवकर होतं. सकाळच्या गाडीत घरचा ताण घेऊन आलेल्या बायका असतात. कोणाची सासू आजारी, कोणाचं मूल परीक्षेला बसलेलं. पाच मिनिटांनी तीच बाई कोणाला तरी पाणी देताना दिसते.

सीएसटीला गाडी रिकामी होते तेव्हा मी घाई करत नाही. आधी सगळ्यांना उतरू देते, मग बाकाखाली आणि रॅकवर नजर टाकते. पावसाळ्यात आठवड्यातून एक तरी छत्री राहिलेली असते, कधी जेवणाचा डबा, एकदा शाळेच्या पेपरांचा गठ्ठा होता. आपल्या शेजारी बसलेलीची वस्तू असेल तर फलाटावर ती कुठपर्यंत गेली आहे ते दिसतं, मोठ्याने हाक मारायची. नाव माहीत नसतं, म्हणून मी स्टेशनच्या नावाने मारते, "ओ अंबरनाथ, छत्री!" ती वळून बघतेच. नाही सापडली तर वस्तू स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात सांगायचं.